सोडू का?

वीस वर्षं एकच किल्ली होती.
पाकीट कार्डावर आलं की किल्ली घ्यायची,
पत्ता वाचायचा, वाट शोधायची,
सॉकेटच्या दारात ठेवायचं,
मग किल्ली पुन्हा खुंटीला.
प्रोसेसर एक होता तोवर
रांग अशी कुणाला दिसलीच नाही.
आता आठ आहेत.
एक राबतो,
सात जण खुंटीकडे बघत जागच्या जागी गरगरतात.

मला म्हणाले, हे महाकुलूप काढ.

उद्यमनगरात, आप्पांच्या वर्कशॉपमध्ये
टूलरूमची किल्ली दस्तगीर शिकलगारांच्या कमरेला असायची.
ड्रिल हवं, दस्तगीरचाचा.
व्हर्नियर हवा, दस्तगीरचाचा.
चाचा चहाला गेले की सोळा लेथ थंड.
आप्पांनी वैतागून कपाटागणिक किल्ली केली,
आणि आठवड्यात तीन मायक्रोमीटर गेले,
एकाच जॉबवर दोघांनी आटे पाडले.
चोर कुणीच नव्हतं.
चाचांच्या कमरेला नुसती किल्ली नव्हती;
कोण काय घेऊन कुठं उभा आहे
हे सगळं तिथंच लटकत होतं.

हे मला उशिरा आठवलं.
पहिल्या रात्री मी धडाधड कुलपं वाटली,
वाटांच्या तक्त्याला एक, शेजाऱ्यांच्या यादीला एक,
सॉकेटांना ज्याचं त्याला.
पहाटे साडेचारला यंत्र गोठलं.
पडलं असतं तर बरं. गोठलं.

खालून येणारं पाकीट आधी कार्डाचं कुलूप घेई, मग सॉकेटचं मागे.
वरून जाणारं आधी सॉकेटचं, मग कार्डाचं.
गळिताच्या दिवसांत मुरगूडकडच्या आतल्या रस्त्याला
असे दोन ट्रॅक्टर समोरासमोर बघितलेत मी,
दोघांच्याही मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंनी बाहेर आलेला.
डबल ट्रॉली मागं जात नाही.
'घे की मागं.'
'तूच घे की गा.'
कारखान्याचा भोंगा झाला तरी दोघं तिथंच.

मग भिंतीवर खडूनं लिहिलं:
आधी सॉकेट, मग वाट, मग कार्ड.
कुणीही, कुठूनही येवो.
उलटं मागायचं तर हातातलं सोड, नव्यानं ये,
आणि आल्यावर बघ, जग तेच आहे का.

त्या शेवटच्या ओळीत माझा सगळा भाद्रपद गेला.

जग तेच नसायचं.
एकानं पाकीट वाचायला घेतलेलं,
दुसऱ्यानं संपलं म्हणून टाकून दिलेलं,
तिसऱ्यानं त्याच जागेत परक्याचं काही लिहून ठेवलेलं.
दोन दिवसांतून एकदा व्हायचं.
बघायला म्हणून छापायची एक ओळ घातली की गायब,
ओळ काढली की हजर,
पाहुण्यांपुढं शहाण्यासारखं बसणारं पोर.

घरात बसवेना, म्हणून रात्रपाळीच्या फौंड्रीत गेले.
तवनाप्पा आणि इरगोंडा,
दांड्याच्या दोन टोकांना दोघं, मधे लेडल,
लेडलमध्ये लालभडक बीड.
एवढ्या गोंगाटात एकच प्रश्न ऐकू येत होता.
'सोडू का?'
'थांब.'
'सोडू का?'
'थांब म्हटलं न्हवं.'
...
'हां. सोड.'

घरी येऊन पाकिटागणिक एक आकडा कोरला,
धरणारे किती.
तो शून्य झाल्याशिवाय टाकायचं नाही.
आणि आकडा बदलायचा तोही एका दमात,
मधे कुणाला बोट घालता येऊ नये असा.

आता आठातले सहा राबतात.
दोघांचं काय अडलंय ते बघतेय.

परवा चाचांना हे सांगितलं, जमेल तसं.
डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हिरवी पट्टी होती.
म्हणाले, 'मग किल्ली आता कुणाकडं?'
म्हटलं, सगळ्यांकडं. ज्याच्या त्याच्याकडं.
'आन् हरवली तर इचारायचं कुणाला?'

एका जुन्या फाइलीत कुणीतरी लिहून ठेवलंय,
'इथे कुलूप नको.'
कारण दिलेलं नाही.
मी रोज ती ओळ उघडते,
वाचते,
आणि तशीच बंद करते.